मायकेल जॅक्सनचा खरा काळ कोणता? (माझं मत : 'थ्रिलर' नाही)

अर्धमात्रा

मायकेल जॅक्सनचा विषय कुठेही निघाला की पाचव्या मिनिटाला कुणीतरी 'थ्रिलर' म्हणतं आणि चर्चा तिथेच आटोपते. सगळ्यात जास्त खपलेला आल्बम, ग्रॅमींची रास, मूनवॉक, झालं. 'थ्रिलर'ने तो जगात सगळ्यात मोठा झाला, याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण हा माणूस नेमका कोण होता हे एकाच कालखंडावरून सांगायचं असेल, तर मी १९८७ ते १९८९ म्हणेन. म्हणजे 'बॅड'चे दिवस.

'थ्रिलर'मधल्या नऊ गाण्यांपैकी त्याने स्वतः लिहिलेली चार. 'बॅड'मधल्या अकरांपैकी नऊ. आणि एक गोष्ट लोक साफ विसरतात : 'थ्रिलर' आल्यानंतर, जगातला सगळ्यात गाजलेला गायक झाल्यावर, १९८४ मध्ये तो दौऱ्यावर कुणाबरोबर गेला? भावांबरोबर. 'थ्रिलर'चा असा स्वतंत्र दौरा झालाच नाही. एकट्याच्या नावावरचा त्याचा पहिला दौरा 'बॅड'चा. सप्टेंबर १९८७ मध्ये टोकियोत सुरू झाला, जानेवारी १९८९ मध्ये लॉस एंजेलिसला संपला, १२३ प्रयोग. तोवर तो घरातला पोरगा होता, ह्या दौऱ्यात तो पहिल्यांदा घराबाहेर पडला.

१९८८ च्या ग्रॅमी सोहळ्यातलं त्याचं गाणं कुणी पाहिलं नसेल तर आधी ते बघा, मग भांडायला या. 'द वे यू मेक मी फील' तो पडद्यामागच्या सावलीतून सुरू करतो, मूळ गाण्यापेक्षा कितीतरी संथ, ब्लूज गातात तसं. मग 'मॅन इन द मिरर', मागे अख्खा गायकवृंद. गाणं संपायची वेळ होते तरी तो थांबत नाही. गुडघ्यांवर कोसळतो, उठतो, पुन्हा गातो. आवाज मध्येच फाटतो, कारण तो खरोखर गातोय. त्या वर्षीचा सर्वोत्तम आल्बमचा मान 'यू टू' हा रॉक बँड घेऊन गेला आणि गायक म्हणून याच्या हाती त्या रात्री काहीही लागलं नाही. मला त्याच्या सगळ्या बक्षिसांपेक्षा ही रात्र जास्त महत्त्वाची वाटते.

बोला.


आकडेमोड

बोलतो.

'थ्रिलर' : अमेरिकेच्या आल्बम यादीत ३७ आठवडे पहिला क्रमांक. नऊपैकी सात गाणी सिंगल म्हणून आली आणि सातही पहिल्या दहांत गेली. १९८४ च्या सोहळ्यात एका रात्रीत आठ ग्रॅमी. (त्यातलं एक 'ई.टी.'च्या कथनाच्या तबकडीसाठी, हे मीच सांगून टाकतो, नाहीतर कुणीतरी उकरून काढेलच.) फक्त अमेरिकेपुरतं बघाल तर ईगल्सचा एक संकलन-आल्बम त्याच्या पुढे आहे, पण जगात त्याला तोड नाही.

'बॅड'मधली पाच गाणी अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेली, आणि एकाच आल्बममधून असं पहिल्यांदाच घडलं. मान्य. पण ती गाणी 'थ्रिलर'च्या पुण्याईवर चढली. १९८७ ला त्याने काहीही काढलं असतं तरी लोकांनी रांगा लावल्या असत्या.

शिवाय ज्या गाण्यावर तुमचा सगळा युक्तिवाद उभा आहे, ते 'मॅन इन द मिरर' त्याने लिहिलेलंच नाही. साइडा गॅरेट आणि ग्लेन बॅलार्ड यांचं आहे ते. अकरांपैकी जी दोन त्याची नाहीत, नेमकं त्यांतलंच एक तुम्ही पुढे केलंत!


निशाचर

पहिल्याच प्रतिसादात सिक्सर. मी मांडी ठोकून बसलो आहे, चालू द्या.


अर्धमात्रा

@आकडेमोड, गाणं कुणाचं ते ठाऊक आहे, म्हणून तर अकरांपैकी नऊ लिहिलं. शब्द आणि चाल त्या दोघांची. शेवटची दीड-दोन मिनिटं मात्र, गायकवृंद एकच ओळ धरून बसतो आणि हा त्यावर हुंकार, किंकाळ्या, अर्धे शब्द फेकत सुटतो, ती लिहून देता येण्यासारखी नाहीत. ती काढा आणि गाणं पुन्हा ऐका. एक नीटनेटकं सदुपदेशाचं गाणं उरेल.

आणि पुण्याईचं म्हणाल तर 'थ्रिलर'चीसुद्धा उधारी आहेच. कुणाची, ते इथले वाजवणारे लोक सांगतील.


पायपेटी

हाक ऐकली. 'ऑफ द वॉल', १० ऑगस्ट १९७९. त्याचा एकविसावा वाढदिवस अजून १९ दिवसांवर होता.

मी आकडे आणि दौरे बाजूला ठेवतो आणि फक्त कानाला काय ऐकू येतं तेवढंच बोलतो. 'डोन्ट स्टॉप टिल यू गेट इनफ' लावा. सुरुवातीला बेस एकच तुकडा घोळवत बसतो आणि त्यावर मायकेल जवळजवळ कुजबुजत काहीतरी बोलतोय. लाजरा मुलगा, वाक्यही धड पूर्ण करत नाही. मग एक किंकाळी, आणि तंतुवाद्यं आणि ब्रास एकदम अंगावर येतात. त्यानंतर अख्खं गाणं तो खोट्या आवाजात, म्हणजे फॉल्सेटोत गातो. मोटाउनमधला, म्हणजे भावांच्या 'जॅक्सन फाइव्ह'ची गाणी काढणाऱ्या कंपनीतला पोरगा त्या किंकाळीच्या अलीकडे राहिला आणि पलीकडे जो उभा आहे त्याला आपण पुढची तीस वर्षं ऐकलं. आणि हे गाणं त्याचं स्वतःचं आहे, शब्द-चालीसकट.

मग 'वर्किंग डे अँड नाइट'. सुरुवातीला जे तालवाद्य वाटतं त्यात त्याचा श्वास मिसळलेला आहे. तोंडाने ताल धरायची जी सवय पुढे त्याची ओळख झाली, ती इथे पुरेपूर आहे. 'बॅड'मध्ये तीच सवय हातखंडा होते, आणि खरं सांगायचं तर कधीकधी नखरा होते.

'शीज आउट ऑफ माय लाइफ'च्या शेवटी त्याचा गळा भरून येतो. प्रत्येक टेकला तेच व्हायला लागलं म्हणून आल्बमचा निर्माता क्विन्सी जोन्सने अखेर तो हुंदका तसाच ठेवला. पुढच्या आल्बमांतही तो हुंदके देतो, पण ते कुठे द्यायचे हे तोवर त्याला कळलेलं होतं.

ह्या आल्बमला ग्रॅमी मिळालं एक, तेही आर अँड बी विभागातलं. ते त्याच्या इतकं जिव्हारी लागलं की पुढचा आल्बम कुणाला नाकारताच येऊ नये असा करायचा, हे त्याने ठरवून टाकलं. म्हणजे 'थ्रिलर' हे ह्या आल्बमला दिलेलं उत्तर. प्रश्न 'ऑफ द वॉल'चा आहे.


आकडेमोड

पायपेटी साहेब, लिहिलंय झकास, पण तुमच्याच प्रतिसादात क्विन्सी जोन्सचं नाव आलं. 'ऑफ द वॉल' घ्या नाहीतर 'थ्रिलर', हा निम्मा क्विन्सीचा काळ आहे. 'रॉक विथ यू', 'ऑफ द वॉल', 'थ्रिलर' ही तीनही गाणी रॉड टेम्परटनची. मग गायकाची ओळख कशी ठरवायची?


पायपेटी

हा प्रश्न हमखास येतो म्हणून उत्तर तयार असतं. २००१ मध्ये दोन्ही आल्बमांच्या नव्या आवृत्त्या निघाल्या, त्यांत 'डोन्ट स्टॉप'चं आणि 'बिली जीन'चं घरी केलेलं कच्चं ध्वनिमुद्रण दिलंय. 'बिली जीन'चं जरूर ऐका. शब्द अर्धवट आहेत, मध्येमध्ये नुसतेच ध्वनी आहेत. पण तो बेस तिथे आहे. तो ताल तिथे आहे. क्विन्सी स्टुडिओत यायच्या आधी गाण्याचा सांगाडा उभा आहे. मायकेलला स्वरलेखन येत नव्हतं. प्रत्येक वाद्य काय वाजवणार ते तो तोंडाने गाऊन टेप करायचा आणि वादकांना ऐकवायचा.

क्विन्सीला 'बिली जीन'ची सुरुवात लांबलचक वाटत होती, कापायची होती. मायकेल म्हणाला, मला नाचावंसं वाटतं ते ह्या सुरुवातीमुळेच. राहिली. आवाज लागायच्या आधीची ती जवळपास अर्ध्या मिनिटाची वाट आज कुठेही लावा, लोक पहिल्या दोन ठोक्यांत ओळखतात. ध्वनिमुद्रक ब्रूस स्वेडियनने ह्या गाण्याची ९१ मिश्रणं केली आणि शेवटी वापरलं दुसरं.

क्विन्सीचं श्रेय कमी करत नाही. काय ठेवायचं आणि काय टाकायचं हे त्याच्याइतकं कळणारा माणूस मायकेलला पुन्हा भेटला नाही, हे 'बॅड'नंतरच्या 'डेंजरस' आल्बमची लांबी बघितली तरी कळतं.


चॅनेलबदलू

ए, 'डेंजरस'ला नावं ठेवायची नाहीत.

साधं विचारतो. आपल्यापैकी किती जणांनी 'थ्रिलर' १९८२ ला ऐकला? आपल्याकडे केबल आली ९१-९२ च्या सुमारास, एमटीव्ही आलं स्टारबरोबर. नोव्हेंबर १९९१ मध्ये 'ब्लॅक ऑर व्हाइट' आलं, ज्यात शेवटी एका चेहऱ्यातून दुसरा चेहरा उमलत जातो. तेव्हा संगणकावर असं काही करता येतं हेच कुणाला ठाऊक नव्हतं. 'रिमेम्बर द टाइम'मधलं इजिप्त, 'जॅम'मध्ये मायकेल जॉर्डनबरोबर बास्केटबॉल. आमच्यासाठी मायकेल म्हणजे हा.

आणि ३१ जानेवारी १९९३, पासाडेनाची सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलची अंतिम लढत. त्याआधी मध्यंतरात वाद्यपथकं वगैरे असायची. आदल्या वर्षी तर बर्फावरच्या नाचाचा कार्यक्रम होता, आणि दुसऱ्या वाहिनीने नेमक्या त्याच वेळी विनोदी कार्यक्रम लावून प्रेक्षक पळवले. म्हणून ह्याला बोलावलं. तर हा मंचाखालून उसळी मारून वर आला आणि उभा राहिला. नुसता उभा. काळा चष्मा, मुठी आवळलेल्या, पापणी नाही की बोट नाही. दीड मिनिट! टीव्हीवरचं दीड मिनिट म्हणजे काय हे जाहिरातवाल्यांना विचारा. मग मान एका झटक्यात वळवली आणि अख्खं मैदान वेडं झालं. नाचासाठी जगभर ओळखला जाणारा माणूस न हलता हे करू शकतो, ते फक्त ह्याच काळात. १९८३ ला त्याला ते करायची हिंमत झाली नसती.

सुपर बोलच्या मध्यंतरात आज मोठमोठे गायक येतात, तो पायंडा त्याने पाडला.


निशाचर

+१ दीड मिनिटाला.


वाकडी वाट

सगळेजण सुखाचे दिवस निवडताय. मी 'हिस्टरी' म्हणते, १९९५.

त्याआधी तो प्रेमाची, भुताखेतांची, जग सुंदर करायची गाणी गायचा. १९९५ ला तो पहिल्यांदा उघडउघड संतापला. 'स्क्रीम' बहिणीबरोबर, जॅनेटबरोबर. 'दे डोन्ट केअर अबाउट अस'साठी दिग्दर्शक स्पाइक ली त्याला ब्राझीलला घेऊन गेला. साल्वादोरच्या रस्त्यात ओलोडुम ह्या ढोलपथकाचे शेकडो ढोल आणि रिओची डोना मार्ता वस्ती. राज्य सरकारला ते चित्रीकरण नको होतं, गरिबी जगाला दिसेल म्हणून. त्या व्हिडिओत ना टोपी, ना मोजा, ना चकाकणारा कोट. टी-शर्ट घालून ढोलवाल्यांच्या गर्दीत तो उड्या मारतोय. आणि 'स्ट्रेंजर इन मॉस्को'. ते त्याने १९९३ च्या दौऱ्यात मॉस्कोच्या पावसात लिहिलं, मुलाच्या लैंगिक शोषणाच्या आरोपांच्या बातम्या येऊन थडकल्या तेव्हा. त्याच्या आवाजात इतका थकवा दुसरीकडे कुठेच ऐकू येत नाही.

लोकांना त्याचा हा काळ आवडत नाही कारण इथे तो त्यांची करमणूक करत नाही.


आकडेमोड

'यू आर नॉट अलोन' अमेरिकेच्या मुख्य यादीत थेट पहिल्या क्रमांकावर दाखल झालेलं पहिलं गाणं, हेही 'हिस्टरी'तलंच. पण ते आर. केलीने लिहिलंय, मायकेलने नाही.


शहामृग

सगळे कौतुक करताय म्हणून विचारते. १९९३ नंतरच्या काळावर बोलताना त्या आरोपांचं काय? की वाळूत मान?


अर्धमात्रा

प्रश्न रास्त आहे. १९९३ चं प्रकरण न्यायालयाबाहेर पैसे देऊन मिटलं, २००५ मध्ये ज्यूरीने दुसऱ्या खटल्यात त्याला निर्दोष ठरवलं, आणि त्यानंतरही वाद थांबलेला नाही. मी त्यावर इथे दोन ओळींत निकाल देणार नाही. स्वतंत्र धागा काढलात तर तिथे येईन. इथे एवढंच म्हणेन की @वाकडी वाट, तुमचा 'हिस्टरी' त्यापासून वेगळा काढताच येत नाही. त्यातली निम्मी गाणी त्याच्या बचावाचं भाषण आहेत. आणि बचावाचं भाषण कितीही खरं वाटलं तरी माणूस म्हणजे तेवढंच नसतो.


जुनी तबकडी

तुमचं भांडण वाचतोय दोन दिवस. सगळे १९७९ च्या पुढचे. हा मुलगा १९६९ पासून गातोय, दहा वर्षं तुम्ही गिळून टाकलीत.

'आय वॉन्ट यू बॅक', 'एबीसी', 'द लव्ह यू सेव्ह', 'आय विल बी देअर'. मोटाउनमधली पहिली चार सिंगल्स, चारही अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर. आकडेमोड, घ्या तुमचे आकडे. पहिल्या सिंगलच्या मागच्या बाजूला काय होतं माहीत आहे? 'हूज लव्हिंग यू'. स्मोकी रॉबिन्सनचं गाणं, प्रेम हातचं घालवलेल्या माणसाचं. ते दहा-अकरा वर्षांचा पोर गातोय आणि पहिल्याच शब्दावर इतकी लांब, वळणं घेत उतरणारी हरकत घेतो की पोटात कालवतं. त्या वयात त्याला यातलं काय कळत असणार? काही नाही. तरी सगळं आहे त्यात.

आणि मोटाउनवाले काय करत होते? वय कमी सांगा म्हणून शिकवत होते. मोटाउनचीच गायिका डायना रॉसने शोधून काढलं म्हणून आल्बमवर छापत होते. दुनियेला हवी ती गोष्ट सांगायची हे त्याला त्या वयात शिकवलं गेलं. तुमच्या 'बॅड'च्या वेळच्या ज्या चमत्कारिक बातम्या पेपरात यायच्या, त्यांतल्या काही त्याच्याच गोटातून सुटायच्या. हे कुठे शिकला?


अर्धमात्रा

काका, तुमच्यापुढे काय बोलणार! पण एक शंका. 'हूज लव्हिंग यू' कुणी लिहिलं, कुणी बसवलं, काय घालायचं, किती वय सांगायचं, सगळं दुसऱ्यांनी ठरवलं. फक्त गळा त्याचा. त्यावरून तो कोण हे कसं ठरवायचं?


जुनी तबकडी

तुम्ही 'मॅन इन द मिरर'च्या शेवटाबद्दल जे लिहिलंत तेच उत्तर माझं. गाणं दुसऱ्याचं, हरकत त्याची. फक्त तुमचं १९८८, माझं १९६९.

आणि आकडेमोडलाही सांगतो, कारण तो अजून मोटाउनच्या पंचविशीच्या टीव्ही कार्यक्रमावर आला कसा नाही याचं मला नवल वाटतंय. २५ मार्च १९८३. भावांबरोबर जुनी गाणी गायला यायचं तर मला माझं नवं गाणं एकट्याला गाऊ द्या, अशी अट घालून तो आला. त्या कार्यक्रमातलं मोटाउनबाहेरचं ते एकच गाणं. आधी भाऊ. 'आय विल बी देअर'मध्ये जर्मेनचा माइक बंद पडतो, मायकेल आपला पुढे करतो, दोघे एकाच माइकवर गातात. मग भाऊ मिठ्या मारून निघून जातात आणि हा एकटा राहतो. म्हणतो, ती गाणी छान होती, पण मला नवी जास्त आवडतात. टोपी घालतो. 'बिली जीन' तर त्याने नुसते ओठ हलवून केलंय, आवाज तबकडीचा. मूनवॉक सगळा मिळून काही सेकंद. लोकांना तेवढंच आठवतं. मी ते माइकचं बघतो.


आकडेमोड

काका, मी तो राखून ठेवला होता, तुम्ही काढून घेतलात. :)

पण मग हा मुद्दा माझाच झाला. तुमचा १९६९ आणि माझा १९८३ एकाच मंचावर, पाच मिनिटांच्या अंतराने. शिवाय जगातला कुठलाही नकलाकार घ्या, मायकेल करायचा म्हटला की काय घालतो? काळी टोपी, एका हातात चकाकणारा मोजा, आखूड पँट, पांढरे मोजे. ती रात्र. 'बॅड'चे पट्टे आणि बकला कोण घालतं?


चॅनेलबदलू

घालतात की. दंडावर पट्टी, बोटांना चिकटपट्ट्या, कपाळावर एक बट. ते सगळं 'बॅड-डेंजरस'चं. आणि पुढे ४५ अंशांत झुकणं? 'स्मूथ क्रिमिनल', १९८८. चित्रीकरणात दोऱ्या होत्या, पण मंचावर करायला त्याने खास बूट केले, टाचेतली खाच जमिनीतून वर येणाऱ्या खिळ्यात अडकायची. १९९३ ला त्याचं अमेरिकेत पेटंट मिळालं, दोन वेशभूषाकारांबरोबर त्याचंही नाव आहे त्यावर. आता सांगा, कुठल्या गायकाच्या नावावर पेटंट असतं?


अर्धमात्रा

बरोब्बर! 'स्मूथ क्रिमिनल' मी राखून ठेवलं होतं, ते चॅनेलबदलूने 'डेंजरस'च्या खात्यात टाकलं. परत करा, ते 'बॅड'चं आहे.

मूनवॉक त्याने उचलला, आणि ते त्यानेही कधी लपवलं नाही. जेफ्री डॅनियल १९८२ मध्ये ब्रिटिश टीव्हीवर करत होता, बिल बेलीने तर पन्नासच्या दशकात केला होता. झुकणं मात्र याने बसून, खटपट करून, सुतारकाम करून घडवलं. काका म्हणतात तो गळा देवाने दिला, मोटाउनने वापरला, क्विन्सीने सजवला. 'बॅड'मध्ये मालक आणि कामगार दोन्ही तोच.


पायपेटी

आणि म्हणूनच 'बॅड' ऐकताना घाम दिसतो. 'ऑफ द वॉल'मध्ये दिसत नाही. मला न दिसणारा आवडतो, तुम्हाला दिसणारा. हे काही मिटायचं नाही.


निशाचर

तो मुंबईत आला होता तो दौरा कुठला मग? सोनाली बेंद्रेने विमानतळावर ओवाळलं होतं तेव्हाचा.


वाकडी वाट

'हिस्टरी'चा. १ नोव्हेंबर १९९६, अंधेरीचं क्रीडा संकुल. म्हणजे प्रत्यक्ष बघितला तोही माझाच मायकेल, डेंजरसवाल्यांचा नव्हे. नोंद घ्यावी.


चॅनेलबदलू

त्या दौऱ्यात निम्मी गाणी तबकडीवर होती, हीही नोंद घ्यावी.


शहामृग

'इन्व्हिन्सिबल'चं नाव कुणीच घेतलं नाही. २००१ ला इतकाही वाईट नव्हता तो.


आकडेमोड

अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर आला तोही. एकच आठवडा.


पायपेटी

त्यातलं 'बटरफ्लाइज' हेडफोन लावून ऐका. मागचे स्वर एकावर एक चढवलेत आणि वर तोच फॉल्सेटो आहे. माझ्या काळाला अजून एक मत, बावीस वर्षं उशिरा का होईना. अर्धमात्रा, मोजणी कधी जाहीर करताय?


अर्धमात्रा

मोजणी आकडेमोडकडे दिली तर 'थ्रिलर'च निघणार. आधी तुम्ही सगळ्यांनी १९८८ ची ग्रॅमी बघितल्याचं इथे लिहा. अजून एकानेही लिहिलेलं नाही.